सेन्सर बदलण्याआधी वायर तपासा : पोकलेन, लोडर, डंपरवरचे इलेक्ट्रिकल दोष

डिस्प्लेवर सेन्सरचं नाव दिसलं की नवा सेन्सर मागवायचा, ही सवय खान्देशातल्या मशीनमालकांना फार महाग पडते. सुटा भाग बहुतेक वेळा बाहेरगावाहून येतो. तोवर पोकलेन कालव्याच्या कामावर किंवा खडीक्रशरवर उभं राहतं, आणि नवा सेन्सर बसवल्यावर तोच दोषाचा कोड पुन्हा येतो. कारण कोड सेन्सरचा नसतो, पूर्ण सर्किटचा असतो. कंट्रोलरला, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरला, त्याच्या पिनेवर येणारा व्होल्ट तेवढा समजतो. तो व्होल्ट सेन्सरने बिघडवला, तुटलेल्या वायरने, हिरव्या पडलेल्या पिनेने की सैल अर्थने (चेसिसमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणाऱ्या जोडणीने), हे त्याला कळत नाही. ते मल्टिमीटरने आपल्याला शोधावं लागतं.

पोकलेन आणि मोठे डंपर २४ व्होल्टचे असतात, बॅकहो लोडर बहुधा १२ व्होल्टचे. सेन्सरचं सर्किट मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच, ५ व्होल्टवर चालणारं. त्यामुळे पुढची पद्धत मशीनची कंपनी बदलली तरी लागू पडते. वायरचे रंग आणि पिन नंबर त्या मॉडेलच्या वायरिंग डायग्राममधून घ्यायचे, अंदाजाने नाही.

सोबत काय हवं

१० मेगाओहम इनपुटचा डिजिटल मल्टिमीटर, शक्यतो मिन-मॅक्स नोंदवणारा. कपलरच्या, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लगच्या, मागून घालायला बारीक पिना. दोन-तीन जंपर वायर, त्यांत १ अँपिअरचा फ्यूज. कॉन्टॅक्ट क्लीनर, आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब, कपलरच्या पिनांचं क्रिम्पिंग प्लायर. आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळणारे दोन रेझिस्टर, २.२ किलोओहम आणि ३३० ओहम. त्यांचा उपयोग पुढे येतो.

टेस्ट लॅम्प मात्र कंट्रोलरच्या सर्किटला लावू नका. फिलामेंटचा बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा पेलायला ते सर्किट बनवलेलंच नसतं, आणि कंट्रोलर गेला तर दुरुस्तीचा हिशेबच बदलतो.

कोड आधी नीट वाचा

बहुतेक नव्या मशीनवर कोडचे दोन भाग असतात. एसपीएन म्हणजे कोणतं सर्किट, एफएमआय म्हणजे काय झालंय. एसपीएन १०० इंजिन ऑइल प्रेशर, १०२ बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), ११० पाण्याचं तापमान, १५७ रेल प्रेशर (इंजेक्टरकडच्या डिझेलचा दाब), १९० इंजिनाचा वेग. लोक पहिला आकडा लिहून घेतात आणि दुसरा सोडून देतात. खरी माहिती दुसऱ्यात असते.

एफएमआय ३ म्हणजे व्होल्ट प्रमाणाबाहेर जास्त, ४ म्हणजे प्रमाणाबाहेर कमी. ५ म्हणजे करंट कमी, बहुधा वायर तुटलेली. ६ म्हणजे करंट जास्त, बहुधा अर्थला शॉर्ट. २ म्हणजे सिग्नल उड्या मारतोय, आणि तिथे लूज कॉन्टॅक्टचा संशय आधी घ्यायचा. ८ म्हणजे फ्रिक्वेन्सी चुकीची, ही तक्रार वेगाच्या सेन्सरची. ९ आणि १९ आले तर दोष कंट्रोलरांच्या आपसातल्या कॅन लाइनकडे बोट दाखवतो.

पण ०, १ आणि १५ ते १८ हे वेगळे. यांचा अर्थ असा की सिग्नल खरा वाटतोय आणि मोजलेली गोष्टच मर्यादेबाहेर आहे. एसपीएन १०० सोबत १ किंवा १८ आला तर वायरिंगकडे वळू नका. इंजिन बंद करा, ऑइलची पातळी बघा, सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावा. गेजवर प्रेशर व्यवस्थित निघालं तरच सेन्सरवर संशय घ्यायचा. या एका फरकाकडे दुर्लक्ष झालं की बेअरिंग जातात. असंच डिझेलमधल्या पाण्याच्या सेन्सरचं. पावसाळ्यात बॅरलमधून भरलेल्या डिझेलमध्ये खरंच पाणी असतं, म्हणून आधी पाणी वेगळं करणारा सेपरेटर काढून बघा.

काही कंपन्यांचे स्वतःचे नंबर असतात. कमिन्स इंजिनावर १४४ म्हणजे पाण्याच्या तापमानाच्या सर्किटचा व्होल्ट जास्त, १४५ म्हणजे कमी. कोमात्सूच्या डिस्प्लेवर तेच सीए१४४ आणि सीए१४५ असं दिसतं. अर्थ तोच.

एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे कोड आले तर ते सगळे एकदम खराब झाले असं मानू नका. त्यांच्यात सामायिक काय आहे ते शोधा : ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ, किंवा एखादा मोठा कपलर.

बॅटरी आणि अर्थ, मग बाकीचं

मशीन सपाट जागेवर, बकेट जमिनीवर टेकवून, सेफ्टी लिव्हर लॉक करून उभं करा. पूर्ण चार्ज असलेली २४ व्होल्टची जोडी इंजिन बंद असताना २५.२ च्या आसपास दाखवते, १२ ची १२.६. स्टार्टर फिरताना २४ च्या मशीनवर व्होल्ट १८ च्या खाली किंवा १२ च्या मशीनवर ९.६ च्या खाली गेला, तर कंट्रोलर मध्येच रीसेट होतो आणि भलतेसलते कोड टाकतो. अशा वेळी बॅटरी आणि तिच्या केबलच्या टोकाचे थिंबल ठीक करा, कोड पुसा, आणि मग काय उरतं ते बघा. इंजिन चालू असताना २४ च्या मशीनवर अल्टरनेटरवर २७.५ ते २८.५ व्होल्ट हवेत. मीटर एसीवर लावून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो, आणि ती लहर सेन्सरांच्या सिग्नलमध्ये मिसळते.

अर्थ ओहमवर तपासू नका. शंभर तारांच्या केबलमध्ये दोन तारा शिल्लक असल्या तरी ओहम मीटर शून्यच दाखवतो. करंट वाहत असताना व्होल्ट मोजायचा : लाल टोक इंजिन ब्लॉकवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, आणि हेल्परला स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. त्याच पद्धतीने चावी ऑन ठेवून कंट्रोलरच्या अर्थ पिनेवर मोजा, तिथे ०.१ पेक्षा जास्त नको. खडीक्रशरवरच्या मशीनमध्ये अर्थच्या बोल्टखाली धूळ आणि गंज यांचा थर बसतो. बोल्ट आवळून भागत नाही, तो काढून जागा धातू दिसेपर्यंत घासावी लागते.

खान्देशात कपलर कशाने बिघडतात

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. बॉनेटखाली, टर्बोच्या शेजारी तर तापमान त्याहून कितीतरी जास्त. वायरचं आवरण कडक होऊन तडकतं, कपलरची प्लास्टिकची जीभ हात लावताच तुटते. सकाळी मशीन चांगलं चालतं आणि दुपारी दोनला कोड येतो, अशी तक्रार असेल तर सांधा गरम झाल्यावर उघडतोय. तो सकाळी गार मशीनवर शोधून सापडणार नाही.

पावसाळ्यात काळी माती चेन फ्रेममध्ये आणि स्विंग सेंटरच्या आसपास घट्ट बसते आणि आठवडाभर ओल धरून ठेवते. त्यात बुडालेला कपलर आतून हिरवा होतो. मग मशीन धुताना प्रेशर जेट थेट कपलरवर मारला जातो, सीलच्या कडेने पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट नसते. जेट कपलरपासून दूर ठेवा, आणि कपलरकडे येणारी वायर खाली झोल देऊन बांधा म्हणजे पाणी झोलातून ठिबकतं, कपलरात उतरत नाही.

हिवाळ्यात उंदीर. शेताच्या बांधावर, कापसाच्या किंवा केळीच्या वखाराजवळ उभ्या राहिलेल्या मशीनमध्ये ते घर करतात, आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कुरतडतात ती जागा नेहमी हात न पोचणारी असते : सीटखाली, बॅटरीच्या पेटीमागे, पंपाच्या वर.

कपलर उघडल्यावर फक्त नजर टाकून बंद करू नका. प्रत्येक वायर हलक्या हाताने ओढा, एखादी सरकली तर तिची पिन लॉक झालेली नाही. मादी पिनेत त्याच मापाची सुटी नर पिन घालून बाहेर ओढा. थोडी पकड जाणवली पाहिजे. सहज निघाली तर ती पसरली आहे, आणि याचं कारण पुष्कळदा मीटरचं जाड टोक तिच्यात खुपसलेलं असतं. म्हणून मोजताना पिन मागून, सीलच्या कडेने सरकवा. वायरच्या आवरणाला भोक पाडून मोजणं तर पूर्ण बंद करा. त्या भोकातून शिरलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यात तांबं खाऊन टाकतं.

५ व्होल्टचा पुरवठा

एकाच ५ व्होल्टच्या लाइनवर दोन-तीन किंवा जास्त सेन्सर असतात. त्यांतला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचा पुरवठा बसतो, आणि एसपीएन ३५०९ किंवा ३५१० येतो. चावी ऑन ठेवून कोणत्याही एका सेन्सरच्या कपलरवर पुरवठा मोजा. ४.७५ ते ५.२५ असेल तर लाइन ठीक. कमी असेल तर मीटर लावलेलाच ठेवा आणि त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढा. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात तो गुन्हेगार. सगळे काढूनही परत आले नाहीत तर वायर कुठेतरी घासून अर्थला लागली आहे. ब्रॅकेटच्या कडा, बूमच्या पिव्होटजवळची वळणं आणि इंजिन-चेसिसमधला मोकळा भाग आधी बघा.

कोड पालटून बघा

सेन्सर की वायर, या प्रश्नाचं सगळ्यात भरवशाचं उत्तर इथे मिळतं, आणि त्यासाठी लॅपटॉपही लागत नाही. दोन वायरच्या तापमान सेन्सरवर ही चाचणी अशी करायची.

१. चावी बंद करा, सेन्सरचा कपलर काढा, चावी ऑन करा. हार्नेसच्या दोन पिनांमध्ये साधारण ५ व्होल्ट दिसले पाहिजेत, आणि डिस्प्लेवर व्होल्ट जास्तचा कोड यायला हवा, म्हणजे एफएमआय ३ किंवा १४४.

२. त्याच दोन पिना जंपरने जोडा. आता कोड पालटून व्होल्ट कमीचा, म्हणजे ४ किंवा १४५ झाला पाहिजे.

३. जंपर काढून त्या जागी २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा. पुष्कळ इंजिनांवरचे सेन्सर २० अंशांना सुमारे २.५ किलोओहम आणि ८० अंशांना ३२० च्या आसपास असतात, त्यामुळे डिस्प्लेवर २०-२५ अंश दिसतील. ३३० ओहम लावला की ८० च्या जवळ. काही कंपन्या २५ अंशांना १० किलोओहमचे सेन्सर वापरतात, तिथे आकडे वेगळे येतील; डायग्रामसोबतचा तक्ता बघा.

दोन्ही वेळा कोड पालटला आणि रेझिस्टरवर तापमान बरोबर आलं, तर वायर आणि कंट्रोलर दोन्ही चांगले आहेत. मग खुशाल नवा सेन्सर आणा.

पहिल्याच पायरीला ५ व्होल्ट आले नाहीत तर सिग्नलची पिन आणि चेसिस यांच्यात मोजा. तिथे ५ आले तर परतीची वायर तुटली आहे. तिथेही नसतील तर सिग्नलची वायर तुटली किंवा अर्थला लागली. चावी बंद, बॅटरी सुटी, कंट्रोलरचा कपलर काढून दोन्ही टोकांमध्ये ओहम मोजा : एक-दोन ओहमपर्यंत हवा, आणि चेसिसकडे पूर्ण ओपन. मोजताना हेल्परला हार्नेस हलवायला सांगा, लपलेला तुटका सांधा तेव्हाच दिसतो. आणि सिग्नलच्या पिनेवर ५ ऐवजी १२ किंवा २४ व्होल्ट आले, तर ती वायर पुरवठ्याच्या वायरला चिकटली आहे. ते निस्तरेपर्यंत नवा सेन्सर जोडू नका, तोही जाईल.

एक लक्षात ठेवा : भुसावळच्या मे महिन्यात डिस्प्ले उणे ४० अंश दाखवत असेल तर ती सरळ ओपन वायर आहे. पण काही कंट्रोलर कोड आल्यावर स्वतःचा ठरलेला आकडा धरतात आणि डिस्प्लेवर काहीच विचित्र दिसत नाही. म्हणून विश्वास व्होल्टवर ठेवा.

प्रेशर सेन्सर

यांना तीन वायर : ५ व्होल्टची, परतीची, सिग्नलची. प्रेशर शून्य असताना सिग्नल ०.५ व्होल्ट, पूर्ण प्रेशरला ४.५. या दोन्ही टोकांच्या बाहेर गेला की कोड येतो. मधलं गणित सोपं आहे. सिग्नलमधून ०.५ वजा करा, ४ ने भागा, सेन्सरवर छापलेल्या क्षमतेने गुणा. ५०० बारच्या पंप सेन्सरवर २.९ व्होल्ट म्हणजे ३०० बार. शेजारच्या टेस्ट पोर्टवर गेज लावून ताडून बघा. कपलर काढून सिग्नलची आणि परतीची पिन जंपरने जोडली की कोड ४ वर गेला पाहिजे. ५ व्होल्टची पिन मात्र अर्थला कधी लावू नका.

बूस्टचा सेन्सर बहुधा हवेचा पूर्ण दाब मोजतो. इंजिन बंद असताना त्याने शून्य दाखवायचं नसतं. जळगाव समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या थोडं वर आहे, तेव्हा तिथे ९७ ते १०० किलोपास्कल यायला हवेत. तोरणमाळच्या पठारावर रस्त्याच्या कामाला गेलेलं मशीन ९० च्या खाली दाखवेल, तो दोष नाही.

हायड्रॉलिकचा सेन्सर सोडण्याआधी इंजिन बंद करून लिव्हर सगळ्या दिशांना फिरवा, टाकीचं झाकण सैल करा, दाब उतरवा. सुईएवढ्या फटीतून सुटलेलं ऑइल कातडीत शिरतं आणि बोट कापावं लागू शकतं. कॉमन रेलला तर इंजिन चालू असताना हातच लावू नका, बंद केल्यावरही किमान दहा मिनिटं थांबा.

वेगाचे सेन्सर

दोन वायरचा मॅग्नेटिक पिकअप म्हणजे फक्त कॉइल. ओहमवर काही शे ते काही हजार. स्टार्टर फिरवताना एसी व्होल्टवर एखादा व्होल्ट तरी निघाला पाहिजे. निघाला नाही तर आधी तो बाहेर काढून टोक बघा, लोखंडी चुऱ्याचा गोळा चिकटलेला असतो. पुसून परत बसवताना गिअरचा दात भोकासमोर आहे ना याची खात्री करा. दाताला टेकेपर्यंत हाताने आत फिरवा, मग अर्धा आटा बाहेर घ्या. १.५ मिलिमीटर पिचच्या आट्यावर ही ०.७५ मिलिमीटरची फट होते. दोन दातांमधल्या खाचेत टेकवून माप घेतलं तर पहिल्याच फेरीत दात सेन्सरचं टोक छाटतो.

तीन वायरचा हॉल सेन्सर ओहमवर तपासू नका, मीटरच्या करंटने तो बिघडू शकतो. पुरवठा द्या, इंजिन हाताने हळू फिरवा, सिग्नल वर-खाली उडतो का बघा.

सगळे तापमान सेन्सर एकदम

रात्रभर उभं असलेलं मशीन, पहाटे, ऊन लागायच्या आत. इंजिन सुरू न करता चावी ऑन करा आणि पाणी, ऑइल, हवा, हायड्रॉलिक असे सगळे आकडे वाचा. ते एकमेकांच्या चार-पाच अंशांत असले पाहिजेत. एकटाच पंधरा अंश वेगळा असेल तर त्याच्या कपलरमध्ये गंज आहे किंवा तो सेन्सर घसरला आहे, भले अजून कोड आला नसेल. दर महिन्याला पाच मिनिटं एवढं केलं तर साइटवर अडकण्याचे प्रसंग पुष्कळ टळतात.

कॅन लाइन

बॅटरी सुटी करून दोष तपासायच्या (डायग्नोस्टिक) सॉकेटच्या सी आणि डी पिनांमध्ये ओहम मोजा, म्हणजे गोल नऊ पिनांच्या सॉकेटवर. ६० आला तर ठीक. १२० आला तर लाइनच्या टोकांना असलेल्या दोन टर्मिनेटर रेझिस्टरांपैकी एक सुटला किंवा लाइन मध्ये तुटली. ४० च्या आसपास आला तर कुणीतरी तिसरा टर्मिनेटर घातला. शून्याजवळ म्हणजे दोन वायर एकमेकींना लागल्या. चावी ऑन असताना एक वायर अडीच व्होल्टच्या थोडी वर आणि दुसरी थोडी खाली दिसते.

इथे एक गोष्ट आवर्जून तपासा : मागाहून बसवलेला जीपीएस आणि डिझेल मोजणारं यंत्र. चोरी रोखायला ते बसवतात हे योग्यच, पण बसवणारा कॅनच्या वायरी सोलून पिळा मारून टेप लावून जातो. असा जोड सापडला की तो सोडवा, वायर पूर्ववत करा आणि कोड थांबतो का बघा. कॅबच्या वरच्या ज्यादा एलईडी दिव्यांचंही तेच. त्यांना फ्यूज आणि रिले लावून बॅटरीकडून वेगळी लाइन द्या.

जोडताना

पिळा आणि काळी टेप हा जोड नव्हे. मूळ जाडीचीच वायर घ्या, क्रिम्प करा, त्यावर गोंदवाली हीट श्रिंक. तीन-चार वायरी एकाच जागी तुटल्या असतील तर सांधे एका रेषेत घेऊ नका, दोन-तीन इंच मागेपुढे ठेवा. कॅनच्या आणि मॅग्नेटिक पिकअपच्या वायरींचा मूळ पीळ कायम ठेवा, तो सोडला तर बाहेरचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो. कपलरमध्ये खिडकीच्या काचेला लावतात तो आंबट वासाचा सिलिकॉन भरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. रिकाम्या भोकांना मूळ सीलिंग प्लगच घाला.

बकेट किंवा चेसिसवर वेल्डिंग करायचं असेल तर कटऑफ स्विचवर विसंबू नका. बॅटरीची निगेटिव्ह केबल आणि कंट्रोलरचे कपलर काढा, वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावा. वेल्डिंगनंतर दोन दिवसांनी आलेल्या कोडचं मूळ अनेकदा या घाईत असतं.

सीटचा, सेफ्टी लिव्हरचा किंवा दरवाजाचा स्विच त्रास देतोय म्हणून त्याच्या दोन वायरी जोडून टाकण्याचा आग्रह ऑपरेटर धरतील. त्याला नाही म्हणा. त्या स्विचवर खाली उभ्या हेल्परचा जीव असतो.

दुरुस्ती झाली की जुने कोड लिहून ठेवून पुसा. मशीन पूर्ण गरम होईपर्यंत लोडवर चालवा, दोष दुपारचा असेल तर दुपारीच. चालू इंजिनावर तो हार्नेस हलवा. दुसऱ्या दिवशी कोडच्या यादीत तो किती वेळा आला हा आकडा बघा. शून्य असेल तर काम झालं. एकदाही आला असेल तर तोच कपलर पुन्हा उघडा आणि पिनेच्या पकडीपासून सुरुवात करा.